शिराळशेटाच्या दिवशीची

आजी गेली त्या रात्री घरात पहिला वाद झाला तो तिच्या वयावरून.

चुलतभाऊ सोप्याच्या कोपऱ्यात फोन कानाला लावून फ्लेक्सवाल्याला मजकूर सांगत होता. नाव झालं, 'भावपूर्ण श्रद्धांजली' झालं, शोकाकुलांची यादी झाली आणि वयापाशी गाडी अडली. "एकशे दोन टाक," तो म्हणाला. थोरल्या काकांनी मान वर केली. "एकशे दोन कशानं? आधारवर पंच्याऐंशी हाय." "पंच्याऐंशी टाकलं तर लोकं म्हणतील लवकर गेली." आतून आई म्हणाली, "शहाण्णव तरी असतीलच. माझं लग्न झालं तेव्हाच त्या म्हाताऱ्या होत्या." (नंतर मी हिशेब घातला. आईच्या लग्नात आजी ५४ वर्षांची होती. स्वतःला चाळिशी दिसू लागल्यापासून आईचं हे वाक्य मला अधूनमधून आठवतं.)

फ्लेक्सवर १०२ लागलं. पेपरातल्या चौकटीत ८५ आलं, कारण मृत्यूच्या दाखल्यावर ८५ होतं, कारण आधारवर तसं होतं. बाबा कुठल्याच बाजूनं बोलले नाहीत. ते आजीची काठी मांडीवर आडवी घेऊन बसले होते आणि काठीच्या मुठीवरचा चिकटलेला मशेरीचा डाग नखानं खरवडत होते.

आजीला स्वतःचा जन्मदिवस माहीत नव्हता, हे खरं नाही. दिवस तिला पक्का ठाऊक होता, साल ठाऊक नव्हतं. सरकारचं नेमकं उलटं. गावात आधारचा कॅम्प आला तेव्हा मी योगायोगानं तिच्याबरोबर शाळेत गेले होते. लॅपटॉपवाल्या पोरानं विचारलं, "आजी, जन्मतारीख?"

"शिराळशेटाची."

"इंग्रजी तारीख सांगा."

"शिराळशेट आमचा इंग्रजीत कुठनं यायचा, बाळा?"

मागं रांग होती. पोरानं मान तिरकी करून तिच्याकडं बघितलं, बाजारात बैलाचे दात बघतात तसं, आणि १ जानेवारी १९३८ असं टंकून मोकळा झाला. आजीनं दहा बोटं काचेवर ठेवली. काचेला तिच्या बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभराच्या शेणामातीनं आणि राखेनं ते केव्हाच पुसून गेले होते. चार-पाच वेळा बोटं पुसून, दाबून, कसाबसा यंत्राचा होकार आला. घरी येताना ती म्हणाली, "हात माझं, आन् ह्यो म्हनतोय दिसंना."

शिराळशेट म्हणजे नागपंचमीचा दुसरा दिवस, श्रावण शुद्ध षष्ठी. आमच्या भागात, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, त्या दिवशी पोरं ओढ्याकडची चिकणमाती आणून शिराळशेट करायची. सिंहासनावर बसलेला, पोट सुटलेला, डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे. चौदाव्या शतकाच्या शेवटी दुर्गादेवीचा मोठा दुष्काळ पडला, माणसं पटापट मरू लागली, तेव्हा ह्या वाण्यानं आपली धान्याची पेवं लोकांसाठी उघडली आणि बहामनी बादशहानं खूश होऊन त्याला औट घटका राज्य दिलं, अशी गोष्ट सांगतात. औट म्हणजे साडेतीन. घटका २४ मिनिटांची. म्हणजे पुरती ८४ मिनिटं तो राजा होता. दुपारी मांडायचा, वाजतगाजत मिरवायचा आणि दिवस मावळायच्या आत पाण्यात सोडायचा.

आजीला ह्या दिवसाचा अभिमान होता. कुणी तिचा मान ठेवला नाही की म्हणायची, "म्या शिराळशेटाच्या दिवशीची हाय. औट घटका का हुईना, राज्य हाय माझं." ते राज्य बहुधा चुलीपुढं असायचं. तिथं पाटावर बसून ती हुकूम सोडायची आणि माझे सहा फुटी काका वाकून चूल फुंकायचे.

तिच्या आईनं आदल्या दिवशी पंचमीची दिंडं उकडली होती. पंचमीला आमच्यात तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत, तळत नाहीत. पुरण भरलेली दिंडं उकडायची एवढंच. दिंडं खाऊन झाली, बायका फेर धरायला वडाकडं गेल्या आणि हिची आई झोक्यावर बसायच्या ऐवजी पोट धरून घरी आली. दुसऱ्या दिवशी, पोरं ओढ्याला शिराळशेट बुडवून येत होती तेवढ्यात आजी झाली. हे सगळं आजी स्वतः हजर असल्यासारखं सांगायची. आता, तशी ती हजर होतीच म्हणा.

तिचं गाव कोयनेच्या काठाला होतं. ते गाव आता नाही. कोयनेवर धरण झालं, १९६१-६२च्या सुमारास पाणी अडवायला सुरुवात झाली आणि जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतली कितीतरी गावं शिवसागर जलाशयाखाली गेली. लोकांना उठवून कुणाला ठाणे जिल्ह्यात, कुणाला कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात, कुणाला सांगली-सोलापूरकडं जमिनी दिल्या. आजीच्या भावाला ठाणे जिल्ह्यात जमीन मिळाली. डोंगरातला माणूस, त्याला तिकडचा उन्हाळा सोसवेना. तो तिथंच राहिला, पण आजीला भेटायला यायचा तेव्हा अंगणात बसून नुसता वारा घ्यायचा. दोघं फारसं बोलत नसत.

धरणाविषयी लिहिणारे हेक्टर आणि मेगावॅट लिहितात, त्यात चूक काही नाही. पण सासुरवाशिणीला माहेर बुडणं म्हणजे पंचमी बुडणं. पंचमीला लेक माहेरी येते. भाऊ न्यायला येतो, तिच्या हाताला मेंदी लागते, चार दिवस कुणी तिला पाणी आणायला सांगत नाही. गाव उठायच्या आदल्या साली आजी शेवटची पंचमीला गेली ती माझ्या बाबांना कडेवर घेऊन. बाबा तेव्हा रांगत होते. पुढच्या श्रावणात शेजारच्या सुनांचे भाऊ आले, त्या माहेरी गेल्या. आजी दाराशी उभी राहिली, आणि मग आत जाऊन तिनं अख्खं पोतं भात कांडून काढला. हे तिनं मला सांगितलेलं नाही, तिच्या जावेनं सांगितलं. जात्यावर मात्र ती एक ओवी म्हणायची, तिची तिनंच जुळवलेली असावी, कारण दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी ती ऐकली नाही:

माझ्या गं म्हायेराला
पाण्याचं कुलूप
आत ऱ्हायलं बाई
माझ्या माऊलीचं सूप

सूपच का, हे विचारायचं राहिलं.

तिच्या वयाचा हिशेब लावायचा नाद मला कॉलेजात असताना लागला. तिला साल विचारून उपयोग नव्हता, पण प्रत्येक गोष्टीला तिच्याकडं एक खुंटी होती आणि त्या खुंट्या माझ्या इतिहासाच्या पुस्तकात सापडायच्या. "थोरला दादा बर्म्याच्या लढाईवर गेला तवा म्या शेरडं राखत हुते." म्हणजे १९४२ ते ४५. शेरडं राखायला मुलगी आठ-दहाची तरी हवी. "रातचं भाकरी मागाय मानसं यायची, आई त्यांना अंधारातच वाढायची, दिवा लावायचा न्हाय." हे प्रतिसरकारचे दिवस. ती माणसं कोण, हे तिला माहीत नव्हतं आणि विचारायचं नसतं एवढं मात्र माहीत होतं.

"आन् लगीन झालं जळिताच्या साली."

जळीत म्हणजे १९४८. गांधीजींच्या खुनानंतर आमच्या जिल्ह्यात गावोगाव ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. ह्याविषयी आजी मोकळेपणानं बोलायची नाही. एकदाच, दिवेलागणीला, तांदूळ निवडता निवडता म्हणाली की तिच्या माहेरच्या गावातली कुळकर्णीण दोन रात्री त्यांच्या गोठ्यात राहिली होती, गवताच्या गंजीमागं, एक पितळी डबा पोटाशी धरून. "वाडा जळत हुता आन् आमची म्हस दूध देईना." पुढं उन्हाळ्यात आजीचं लग्न झालं तेव्हा त्या बाईनं पुण्याहून कुणाच्या तरी हाती हिरवं लुगडं धाडलं. ते लुगडं आजीनं नेसून नेसून विरवलं, मग त्याची गोधडी झाली, मग गोधडीत आतल्या थराला गेलं. माझ्या लहानपणी त्या गोधडीचा एक कोपरा फाटला की आतून हिरवा रंग डोकवायचा. कुणाचा, ते मला फार उशिरा कळलं.

लग्नाच्या वेळी ती सोळा-सतराची असेल असं धरलं तर १९३१-३२. पण हे धरणं झालं. पोरी बाराव्या वर्षीही उजवत आणि डोंगरात अठराव्यालाही.

आजोबा गिरणीत होते. लालबागला, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. गावकीच्या खोलीत आळीपाळीनं झोपायचे. एकाची रातपाळी असली की त्याची वळकटी दुसऱ्याची. महिन्याला मनिऑर्डर यायची आणि तिच्या तळाच्या कागदावर चार ओळी मजकूर. पोस्टमन तो वाचून दाखवायचा, त्यामुळं आजोबा त्यात काही लिहीत नसत. "पैसे पोचल्याचे कळविणे. म्हशीला जपणे. मी खुशाल." तीस वर्षं असं लग्न झालं. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले काही दिवस सोडले तर शेत, सासू, म्हशी, दुखणी, शाळा, भावकीची भांडणं, सगळं आजीकडं. गिरणगावावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते लिहायलाच हवं होतं. पण त्या गिरण्यांचा अर्धा पगार गावाकडं एक बाई फुकटात राबत होती म्हणून पुरत होता, हे मला कुठं ठळकपणे लिहिलेलं सापडत नाही.

त्या तीस वर्षांतली एक रात्र आमच्या घरात शंभरदा सांगून झालीय. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. हे आकडे अर्थात माझे. आजीच्या सांगण्यात 'भूकंपाची रात' एवढंच. ती जात्यावर बसली होती. सासूला गिरणीतलं पीठ चालत नसे, म्हणून घरात जातं सुरू होतं. नाचणी दळत होती. दळता दळता तिला वाटलं, जात्याची घरघर वाढली. हात थांबवला, तरी घरघर चालूच. "म्या खुट्टा सोडला तरी जातं फिरतंय. तवा कळलं, जातं न्हाय, भुई दळतीया."

सासूला तिनं ओढत बाहेर काढलं. दोन पोरं काखेत, दोन हाताला. बाबा तेव्हा सात वर्षांचे. त्यांना आठवतो तो आवाज, आगगाडी घराखालून गेल्यासारखा, आणि मागच्या भिंतीचे दगड एकेक नव्हे, सगळे मिळून खाली बसले ते. माळ्यावरच्या भाताच्या कणगी फुटल्या आणि अंगणभर भात पसरला. कोयनानगर तर जमीनदोस्त झालं होतं. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. आमच्या आळीतली एक बाळंतीण गेली. तिचं मूल वाचलं, त्याला वर्षभर तीन घरच्या बायकांनी अंगावर पाजलं, त्यांतली एक आजी.

तिकडं आजोबा रातपाळीला साच्यावर होते. मुंबईलाही धक्का जाणवला होता, पण गिरणीच्या हादऱ्यात वेगळा हादरा कुठला कळायला. कळलं ते वीज गेल्यावर. कोयनेचं वीजघर बंद पडलं आणि इकडं मुंबईतले कारखाने अडले. साचे थांबले, अंधारात सगळे उभे. कुणीतरी म्हणालं, कोयनेवर काहीतरी झालंय. आजोबा सांगायचे, तोपर्यंत त्यांना आपल्या साच्याची वीज आपल्याच गावाकडून येते हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते तिसऱ्या दिवशी गावात पोचले. कराडपर्यंत गाडीनं, पुढं मिळेल ते, आणि शेवटची वाट चालत. बघतात तर खळ्यात लुगड्यांचा तंबू, पुढं तीन दगडांची चूल आणि आजी अंगणातला भात सुपानं वेचतेय, खडे बाजूला, भात बाजूला.

"काय म्हणाले गं आजोबा?"

"म्हनत्यात, म्हस कुठंय?"

धक्के पुढं कित्येक महिने येत राहिले. तसे आमच्याकडं अजूनही येतात. धरणात साठलेल्या पाण्यामुळं भूकंप होतात ह्याचं उदाहरण म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेचं नाव घेतात, असं मी आजीला एकदा वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मग त्येच की. माझं म्हायेर खाली दाबलंय, त्ये कड बदलतंय."

बाहत्तरच्या दुष्काळाची तिची आठवण एका शब्दात संपते: मिलो. रेशनवरची ती लाल अमेरिकन ज्वारी. "जनावराला घातली तर जनावर माझ्याकडं बघायचं." आमच्या डोंगराला पाऊस बरा, त्यामुळं माण-खटावच्या बायकांनी खडी फोडून जे भोगलं त्यापुढं आपलं काहीच नाही, असं ती स्वतःहून सांगायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आजोबा पत्र्याची ट्रंक घेऊन घरी आले, आठ-पंधरा दिवसांसाठी. अडीच लाख कामगारांमधले बहुतेक असेच आठ-पंधरा दिवसांसाठी घरी आले होते. संप मागं घेतला असं पुढं कुणी कधी जाहीर केलंच नाही, त्यामुळं आजोबांच्या हिशेबी ते मरेपर्यंत रजेवर होते. ट्रंक त्यांनी उघडून पुरती रिकामी केली नाही. त्या पहिल्या वर्षात आजीची वज्रटीक गेली, मग बोरमाळ गेली. तिला त्याचं फार वाटलं नाही. तिला जड गेलं ते दुसरंच. तीस वर्षं पाव्हण्यासारखा येणारा माणूस रोज घरात. त्याला मीठ कुठं ठेवतात माहीत नाही, कुठल्या म्हशीला कुणी पिळायचं माहीत नाही, पोरगी कितवीत आहे माहीत नाही. आणि तो सूचना करतो. सहा महिने तिनं ऐकून घेतलं आणि एके दिवशी भावकीसमोर म्हणाली, "पाव्हनं म्हनून मान दिला तुमास्नी. आता घरचं मानूस झालाय, तवा उठा आन् शेन भरा." आजोबा उठले. बाबा म्हणतात, त्या दिवसापासून दोघांचं खरं लग्न लागलं. आजोबा जाईपर्यंतची दहाएक वर्षं दोघं सकाळी एकाच कानतुट्या जर्मनच्या टोपातला चहा, एकच कप, आधी तिनं मग त्यांनी, असा पीत.

ह्या सगळ्यात आई म्हणून ती कशी होती? बाबांना विचारलं तर ते लगेच म्हणतात, "कडक," आणि मग बराच वेळ गप्प बसतात. जवळ घेणं, मुके घेणं हे तिनं पोरांच्या बाबतीत केलंच नाही. ते सगळं साठवून आम्हा नातवंडांवर खर्च केलं. बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून लिहिलंय. मास्तरांनी त्या काळी अर्ध्या वर्गाला १ जून हीच तारीख वाटली होती. पण आजी दर वर्षी गौरी जेवतात त्या दिवशी बाबांच्या पानात पुरणपोळीवर जास्तीचं तूप सोडायची, काही न बोलता. लहानपणी आम्हाला वाटायचं बाबा तिचे लाडके. मग कळलं, ते गौरीजेवणाच्या दिवशी झाले होते. थोरल्या काकांना असं तूप रंगपंचमीला मिळायचं.

२०११च्या जनगणनेला शाळेतल्या बाई घरी आल्या होत्या. माहिती बाबा देत होते, आजी उंबऱ्यापाशी लसूण सोलत बसलेली. "आजींना मुलं किती?"

"चार," बाबा म्हणाले.

"सात," आजी म्हणाली. लसणावरची नजर न काढता.

बाईंनी सांगितलं की जिवंत किती आणि एकूण झालेली किती असे दोन वेगवेगळे रकाने असतात. आजीनं मान वर केली. तिला सरकारबद्दल फारसं कौतुक कधी वाटलं नाही, त्या दिवशी मात्र वाटलं असावं. ती त्या तिघांविषयी बोलू लागली. पहिला पोरगा आठव्या दिवशी धनुर्वातानं गेला, पोळ्याच्या आदल्या दिवशी. एक मुलगी दीड वर्षाची, गोवरानं, शिमग्याची सोंगं दारात नाचत असताना. आणि एकीला नावच ठेवलं नव्हतं, तिचा जन्म मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारचा. बाबा पन्नास वर्षांचे होते आणि आपल्याला आणखी तीन भावंडं होती हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांचे दिवस ते पहिल्यांदाच ऐकत होते. बाईंनी रकान्यात सात लिहिलं, खाली चार लिहिलं. जाताना त्यांनी आजीच्या पायाला हात लावला.

पेपरातल्या चौकटीत 'त्यांच्या पश्चात दोन मुलगे, दोन मुली, सुना, जावई, नातवंडे, परतवंडे असा परिवार आहे' असं ठरल्याप्रमाणे छापून आलं. ती चौकट वाचताना मला तो लसूण आठवला.

ती गेली २०२३च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. आजार असा नव्हता. जेवण सुटलं, मग चहा सुटला, मग बोलणं. त्या साली अधिक श्रावण होता. दहाव्याला आलेल्या गुरुजींनी सांगितलं की अधिक महिन्यात गेलेल्या माणसाचं वर्षश्राद्ध पुढच्या साली साध्या श्रावणात करायचं. 'अधिक' हा शब्द कानावर पडला आणि माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मी उठून बाहेर आले.

फार वर्षांपूर्वी, एका पंचमीला दिंडं उकडताना आजीनं आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी मी वयाच्या हिशेबात कधी धरलीच नव्हती. तिच्या आईचा बाळंतपणाच्या दिवसांचा हिशेब चुकला होता. "आई म्हनायची, त्या साली धोंडा हुता, आखाड दोन आलं. ती आपली आखाडात हुईल म्हनून वाट बघतीया. पयला आखाड सरला, दुसरा आला, त्यो बी सरला, आन् म्या उतरले शिराळशेटाला. म्हनून आई मला धोंडी म्हनायची."

दोन आषाढ. अधिक मास येतो साधारण पावणेतीन वर्षांनी, पण दर वेळी वेगळ्या महिन्याला लागून. नेमका आषाढ अधिक व्हायला बहुधा १९ वर्षं जावी लागतात. जगन्नाथपुरीला लाकडाच्या नव्या मूर्ती घडवतात तो नवकलेवराचा सोहळा अधिक आषाढाच्या सालीच होतो, त्यामुळं ती सालं शोधायला त्रास पडला नाही. १९१२. मग १९३१. मग एकदम १९५०. १९१२ धरलं तर लग्नाच्या वेळी ती छत्तिशीची होते आणि १९५० साली तर तिच्या मांडीवर मूल होतं. राहिलं एकच. १९३१, ऑगस्टचा तिसरा आठवडा, श्रावण शुद्ध षष्ठी.

मी खळ्याच्या कट्ट्यावर फोन हातात धरून बसले होते. आत दहाव्याची पानं मांडली जात होती. आजीला ९१ पूर्ण होती आणि ह्या खेपेचा शिराळशेट २२ ऑगस्टला होता, म्हणजे ९२ व्हायला तीनच आठवडे कमी पडले. बाबांना बोलावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "म्हणजे भूकंपाला छत्तीसची होती." एवढंच. पुन्हा म्हणाले, "छत्तीस." मग चुलतभावानं विचारलं, फ्लेक्स बदलायचा का. कुणी काही बोललं नाही. १०२ तसंच राहिलं, पावसानं रंग उतरेपर्यंत.

तिला हे सांगता आलं असतं तर ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे. "मग आता काय करू? पेन्शन वाडवत्यात का?" असंच काहीतरी.

एक गोष्ट तिच्या हयातीतलीच सांगायची राहिली. २००९च्या हिवाळ्यात आम्ही तिला कोयनेच्या जलाशयाकाठी बामणोलीला घेऊन गेलो होतो. पर्यटक तिथून लाँचनं वासोट्याला जातात, तापोळ्याकडं जातात. आम्ही लाँचवाल्याला तिच्या गावाचं नाव सांगितलं. पन्नाशीचा माणूस. त्यानं आजीकडं वळून बघितलं आणि विचारलं, "कुणाच्यातल्या तुम्ही?" आजीनं सांगितलं. त्याचं गावही पाण्याखालचंच होतं, दोन डोंगर अलीकडचं.

अर्धा-पाऊण तास लाँच चालली. दोन्ही बाजूंनी डोंगर उतरत आलेले, जंगल थेट पाण्यात शिरलेलं. आजी लाकडी फळीवर पाय वर घेऊन बसली होती, पदर डोक्यावरून कानामागं घट्ट. एका वळणाशी त्यानं इंजिन बंद केलं. "हितं," तो म्हणाला. बाबांनी विचारलं, नक्की? त्यानं समोरच्या सोंडेकडं आणि मागच्या टेकडीकडं बोट दाखवलं, हात हवेत आडवा फिरवला. "अंदाजानं."

आजीनं कनवटीची पिशवी सोडली. आत एक खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळदीकुंकवाची पुडी होती. घरून निघताना तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. आई तिला दंडाला धरून कडेला घेऊन गेली. आजीनं खण पाण्यावर ठेवला, तो थोडा वेळ तरंगला, मग एका बाजूनं भिजत खाली गेला. नारळ तसाच राहिला, लाँचला टकटक आपटत. मग ती आणखी वाकली, ओंजळ भरली, आणि आई नको नको म्हणत असताना ते पाणी प्याली.

तोंडात धरून क्षणभर थांबली. गिळलं.

"आमच्या हिरीचं न्हाय ह्ये," ती म्हणाली. पदरानं तोंड पुसलं आणि लाँचवाल्याला म्हणाली, "घे पुढं. पोरं भुकेजली असतील."